वेगळं धुणं

मंगळवार, दिवेलागणी. वाडी, बडोदे.

आज पुन्हा चड्डी मीच धुतली. सुनंदा मोरीच्या दारात उभी. "अहो, मशीन बंद पडलंय का? मामंजीसुद्धा शेवटी असंच करायचे." हसत म्हणाली आणि गेली. माझा हात साबणातच थांबला.

बाबा आपलं धोतर वेगळं धुवायचे, गच्चीच्या कोपऱ्यात वेगळं वाळत घालायचे. आम्हाला ते सोवळं वाटायचं. इस्पितळात डॉक्टरांनी चादर बाजूला केली तेव्हा कळलं. लिंगावर कॅन्सरची जखम, आत पसरलेली. "फार उशिरा आणलंत," एवढंच ते म्हणाले.

माझ्याही पुढच्या कातडीखाली जखम आहे. कितीतरी आठवडे झाले, भरत नाही, चड्डीला डाग लागतात. कातडी आता मागेही सरत नाही. मला वाटलं, अस्वच्छता. म्हणून जंतुनाशक घालून रोज घासत राहिलो, आणखी सोललं. मांडवीतला औषधवाला मलम देताना म्हणाला, "काका, फरी एज? हवे डॉक्टरने बतावो ने." पुन्हा तेच मलम, आता डॉक्टरांना दाखवा ना, असं त्याचं म्हणणं. मी हसून निघून आलो. कशाला हसलो?

कदाचित साधंच असेल. रक्तातल्या साखरेमुळेही होतं म्हणतात. पण हे ठरवणारा मी कोण? बाबांनीही असंच ठरवलं असेल.

ते धोतर. कोपऱ्यातलं, पांढरंशुभ्र.

मी चड्डी ओलीच नेऊन सुनंदाच्या हातात दिली. "डाग जात नाहीये. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल."

ती हसली नाही. तिनं ती पिळली आणि दोरीवर आपल्या गाऊनशेजारी वाळत घातली.