रेनाताच्या नावाने दिलेली उत्तरं

मेदेयिन,
गुरुवार, ८ फेब्रुवारी २०२४

फाबिओलाताईंना,
मार्लेनीचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या बहिणीची, देयानिराची मैत्रीण. चार वर्षं आम्ही एका घरात राहिलो. तुमच्याकडे सोनसोनला यंदा थंडी फार आहे असं ऐकते. आईंचे गुडघे कसे आहेत? देया नेहमी सांगायची, आईला गुळाचा आग्वापानेला उकळता लागतो, कोमट दिला तर कप परत पाठवते.

इथे सगळं ठीक आहे, असं लिहून मघाशी एक कागद फाडला.

देया काय काम करायची ते तुम्हाला तिच्या पेजवरून कळलंच आहे. पैसे घेऊन पुरुषांना सोबत द्यायची, स्वतःच्या मर्जीने, मध्ये दलाल नाही. धंद्यासाठी ‘रेनाता’ हे नाव मी काढलं. फोटो, मजकूर, निरोपांना उत्तरं, सगळं माझ्याकडे. नेहमी हिरवा रंग, हातात पुस्तक, डोळे कधी दाखवायचे नाहीत. देया हसायची, "अगं मार्ले, मी आयुष्यात दोन पुस्तकं वाचलीत, तीही अर्धी!" मी म्हणायची, "गप बस, गिऱ्हाईक परीक्षा घ्यायला येत नाही." धंदा चांगला चालला. मला त्याचा गर्व होता.

गेल्या वर्षी मला वाटलं, फोटो फार बंद बंद दिसतात. मी तिला खिडकीत उभं केलं. ती म्हणाली, "मागे चर्चचा घुमट दिसतोय, नको." मी म्हटलं, "उजेड बघ किती सुंदर आहे. कोण बघतंय घुमटाकडे?"

एकाने बघितलं. तिने त्याला दोनदा नकार दिला होता. त्या घुमटावरून त्याने आमची इमारत शोधून काढली. मी बाजारात गेले होते.

ताई, देया गेली. त्याने मारलं तिला. एकोणीस ऑगस्टला. सहा महिने होत आले.

पोलिसांनी विचारलं, घरचं कोणी आहे का? मी नाही म्हणाले. घरी कळू द्यायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती, पण खरं सांगते, मला तुमच्यासमोर उभं राहायची भीती वाटली. साहेबाने वही मिटली आणि म्हणाला, "अशा बायकांचं असंच होतं." तो माणूस अजून मोकळा आहे. देयाला मी माझ्या वडिलांच्या कबरीशेजारी ठेवलंय.

तिच्या पेजवर पुढच्या सहा आठवड्यांचे फोटो मी आधीच लावून ठेवले होते. ते आपोआप येत राहिले. लोक ‘किती छान दिसतेस’ लिहीत होते. मी बंद केलं नाही. नंतर त्याच नावावर दुसऱ्या मुलीला काम दिलं. हिरवा रंग तोच, पुस्तकही तेच.

नोव्हेंबरात तुमचा निरोप आला. "देया, डोळे झाकलेस तरी हनुवटी तुझीच आहे. कोणी रागावणार नाही. आईला आता कमी दिसतं. नाताळला ये." मी दोन दिवस फोन उलटा ठेवला. मग लिहिलं, "येते. गोड नातिया करून ठेवा."

ते मी लिहिलं, ताई. नाताळनंतर ‘काम निघालं, रागावू नका’ हेही मीच.

तुम्ही कळवलंत, आईने तीन दिवस तिचं ताट झाकून ठेवलं, कोणाला हात लावू दिला नाही. तेव्हाही मी खरं लिहिलं नाही. पण काल तुम्ही लिहिलंत, "शनिवारच्या बसने आईला घेऊन येते. पत्ता दे, नाहीतर त्या घुमटावरून शोधू."

पेज आज सकाळी बंद केलं. फोनवर हे सांगवेना, म्हणून बसच्या ड्रायव्हरच्या हाती कागद देते. तो उद्या तुमच्या दारात आणून देईल.

आईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. आलात तर मी स्टँडवर उभी असेन. तुम्ही मारलंत तर मारून घेईन, मग तुम्हाला तिच्याकडे नेईन. दगडावर अजून नाव घातलेलं नाही. कोणतं घालायचं हे ठरवायचा हक्क मला नाही.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

तिच्या नावाने तुमच्याशी बोललेली,
मार्लेनी