बाबांची बोटं

३ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल, तुम्हीही तिघं मजेत असाल. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती जिना सोडत नाही. बाबा मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून टाळताहेत. "अक्षरं दिसत नाहीत, माणसं दिसतात, तेवढं पुरे," म्हणतात.

फोन हाताशी असताना हिला पत्राची काय हौस आली, असं म्हणशील. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस. पत्रावर हसलास तरी मला ऐकू येणार नाही.

तू जाताना गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवलीस, ती यंदा कामी येतेय. हंगामाच्या शेवटच्या ऑटोक्रॉसमध्ये मी उतरतेय, सोळा तारखेला, त्याच जुन्या गोदामाच्या पटांगणात. आमचे हे अजून विचारतात, "एका वेळी एकच गाडी, केशरी प्लॅस्टिकच्या कोनांमधून वळणं घ्यायची, ही कसली शर्यत?" मी म्हणते, घड्याळाशी. एक कोन पाडला की दोन सेकंद वाढतात हे ऐकल्यावर मात्र त्यांनी माझं पार्किंग आठवून हात जोडले.

दिवसभराचं ऑफिस आटोपलं की मी गॅरेजात. नियमाचं बाबांचं पालुपद तुला पाठच असेल: "टायर बदला, शॉक बदला, ब्रेकचे पॅड बदला. बाकी कारखान्याने दिलं ते देवाने दिलं समजा." टायर आणि पॅड झाले. पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळत होतं, तेही उतरवले. त्यांच्यावरची स्प्रिंग शिकंज्यात दाबताना हाताला घाम फुटतो. सुटली तर तोंड फोडेल. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि मदत करत नाहीत. तपासनीसाने स्पर्धकाच्या गाडीला आधी हात लावायचा नाही म्हणे, मग ती पोटची पोर का असेना.

ही त्यांची क्लबचे तपासनीस म्हणून शेवटची वेळ. क्लब सत्कार करणार आहे. नवा सदरा शिवून घेतलाय, आणि आपल्याला त्याचं काही नाही असं दाखवताहेत.

एका स्प्रिंगेला गंज चढला होता, म्हणून मी कंपनीची नवी जोडी मागवली. ती आज आली. जुनी आणि नवी शेजारी ठेवून बघितली. उंची तीच, वेढेही तितकेच.

दादा, तू कधी स्प्रिंगा बदलल्या होत्यास का? सहज विचारतेय.

वहिनीला नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझी,
धाकटी

•

११ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझा फोन झाला, म्हणून खुशाली पुन्हा लिहीत नाही.

"हो, बदलल्या. त्यात काय एवढं? सगळेच काही ना काही करतात. जुन्याच बसव आणि गप्प बस. तपासायला बाबाच आहेत ना?" इतकं म्हणून तू पिल्लूच्या शाळेवर घसरलास. मी "हं, हं" करत राहिले. तेव्हा बोलता आलं नाही, ते आता लिहिते.

जुन्या स्प्रिंगेची तार जाड आहे. डोळ्यांना पटकन कळत नाही, जाडी मोजायचा व्हर्नियर लावला की कळतं. जाड तार म्हणजे ताठ स्प्रिंग, म्हणजे वळणावर गाडी झुकत नाही. बाजारात अशी तयार मिळत नाही, मी चौकशी केली. उंची तीच, वेढे तेवढेच आणि फक्त तार जाड, अशी ती मुद्दाम बनवून घ्यावी लागते.

का, ते मला दोन दिवस कळेना. मग बाबांकडे बघताना कळलं. ते लसूण सोलत होते, टीव्हीकडे तोंड करून. बाबा काहीच बघून तपासत नाहीत, कधीच तपासत नव्हते. डोळे चांगले होते तेव्हाही चाकाच्या वर हात घालायचे, बोटांनी वेढे मोजायचे आणि म्हणायचे, "ठीक." त्यात आपल्या क्लबात या मॉडेलची दुसरी गाडी नाही. त्यांच्या बोटांना या गाडीची स्प्रिंग म्हणून जे ठाऊक आहे, ते तूच पहिल्या दिवशी त्यांच्या हातात दिलंस.

नियम मोडणारे मी पुष्कळ पाहिलेत. तू नियमाला फसवायच्या भानगडीतच पडला नाहीस. तू बाबांच्या बोटांच्या मापाची लबाडी करून घेतलीस. मला तुझा राग आलाय, दादा. भयंकर आलाय.

आणि काका? बाबांचा शाळेपासूनचा दोस्त. तू तीन वर्षं पहिला, ते तीन वर्षं दुसरे. "पोराची गाडी वळणावर झुकतच नाही," म्हणून त्यांनी रीतसर तक्रार केली. तक्रार आली की स्प्रिंग उतरवून मोजायची, हा नियम. बाबांनी उतरवली नाही. चारचौघांत म्हणाले, "माझी बोटं खोटं बोलत नाहीत. तुझा माझ्यावर विश्वास नाही?" काका म्हणाले, "तुझ्यावर आहे." बस, एवढंच. तेव्हापासून बाबांनी त्यांचं नाव टाकलं. तू तिथेच उभा होतास, हेल्मेट काखेत घेऊन.

मी नव्या स्प्रिंगा बसवल्यात. गाडी आता वळणावर झुकते. तुझ्या वेळेच्या जवळपासही मी जाणार नाही, आणि ते का, हे लोक विचारतील.

बाबांना मी सांगणार नाही. ते माझ्या तोंडून ऐकावं लागलं तर ते जास्त मोडतील. सोळा तारखेच्या आधी तू फोन कर. मला नको, त्यांना.

धाकटी

•

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ

दादा,

तुझा फोन आला नाही. पाच दिवस बाबांचा फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे. दर वेळी दुसरंच कुणी.

तपासणीला घरची गाडी सर्वांत आधी, ही बाबांची रीत आजही. मागे सगळी रांग, आणि काका पिवळं जाकीट घालून कोन मांडायच्या कामावर, जेमतेम दहा पावलांवर. बाबा नव्या सदऱ्याच्या बाह्या सारून उकिडवे बसले, हात आत घातला. ओठ हलत होते, वेढे मोजत होते. मध्येच थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजले. उठले, दुसऱ्या बाजूला गेले.

"ही बारीक लागते," ते म्हणाले. "काय घातलंस?"

"कंपनीच्या आहेत, बाबा."

"मला शिकवू नकोस. या गाडीची स्प्रिंग मला पाठ आहे. ही ती नाही."

दादा, खऱ्या स्प्रिंगेला त्यांच्या बोटांनी खोटं ठरवलं! सांगावं तर तू उघडा पडतोस, आणि गप्प राहावं तर मी चोर. सगळ्यांसमोर बाबा माझ्याकडे जसे बघत होते, तसं त्यांनी आजवर माझ्याकडे कधी बघितलेलं नाही.

"व्हर्नियर आणा," ते म्हणाले. "माझी पोर आहे म्हणून सोडणार नाही."

व्हर्नियर आला, त्यांनी तो तारेला लावला. आकडा त्यांना वाचता येईना. मान वाकडी केली, डोळे बारीक केले. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "तू वाच."

काका आले. इतक्या वर्षांनी बाबा त्यांच्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द. त्यांनी गुडघे टेकले, आकडा वाचला. चिटणीसांनी पुस्तकात बघून सांगितलं, "बरोब्बर. कारखान्याची आहे."

सगळे हसले, कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. बाबा तसेच बसून होते, टायरवर हात ठेवून. बोटं एकमेकांवर घासत होते, जुनी जाड तार आठवून बघत असावेत. त्यांना कळलं ते मी समोर उभी राहून बघितलं. तू तिथे हवा होतास.

काकांनी हात दिला, ते उठले. म्हणाले, "तेव्हाच मोजायला हवी होती."

काका म्हणाले, "चल, रांग खोळंबलीये."

मी पाचवी आले. शेवटच्या फेरीत एक कोन पाडला. तिथे काकाच होते, त्यांनी लगेच हात वर करून माझे दोन सेकंद वाढवले. मला बरं वाटलं. सत्कार बाबांनी घेतला नाही, पोट बिघडलंय म्हणाले.

परत येताना गाडीत एकच विचारलं, "मी बोटांनी मोजतो, हे त्याने लक्षात ठेवून केलं का गं?"

मी समोर रस्त्याकडे बघत "हो" म्हटलं.

घरी आल्यावर त्यांनी तुझे तिन्ही कप फडताळातून काढले, पुसले, आईच्या जुन्या साडीत गुंडाळले आणि काकांकडे निघाले. मी दारात आडवी झाले. म्हटलं, "तुम्ही नाही न्यायचे. दादा येईल, तो देईल." बाबांनी विचारलं, "येईल?" मी म्हटलं, "येईल." त्यांनी कप माझ्या हातात दिले आणि आत जाऊन सदरा बदलला.

कप डिकीत आहेत, जुन्या स्प्रिंगांशेजारी. बाबांचा शब्द तू उधळलास. आता माझा पणाला लागलाय.

ये.

तुझ्या वतीने "येईल" म्हणून बसलेली,
धाकटी