करमत नाही

४ जाने., रवि.
फिल्म क्लबचं काम घेतलं. जुना फ्रेंच सिनेमा, मराठी सबटायटल्स, मोबदल्यात आभार आणि चहा. ऑफिसात वर्षभर पाककृती आणि मारामाऱ्यांचे संवाद मराठीत आणते, म्हटलं एकदा तरी धड काहीतरी करू. गोष्ट एवढीच की नवराबायको पाहुण्यांसाठी टेबल मांडतात, पाहुणे येतच नाहीत, आणि अख्खी संध्याकाळ दोघांना एकमेकांसमोर बसावं लागतं. माझा नवरा नि. दहा मिनिटांत उठला. "यार, हे धड भांडत पण नाहीयेत. आपण बरे."

सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, मालवणचं परत निघालं. मावशीकडे शिमग्यापर्यंत राहायचंय. बाबा म्हणाले, कारण काय? "कारण काय नाय. माका जावचा आसा." रिटायर झाल्यापासून बाबा दिवसभर घरात, त्यांना हे उत्तर पचेना. मलाही नाही. लेकीला, ईराला, शाळेतून कोण आणणार, हा माझा पहिला विचार. दुसरा पण तोच.

नि.ने तिकीट काढून दिलं, महिनाअखेरचं. माझ्या फोनवरून.

१० जाने., शनि.
सिनेमा हॉलमधल्या टीव्हीवर लावला. आई मटार सोलत बसल्या, बाबा पेपर घेऊन. खाली इंग्रजी येतं ते मी दोघांना मराठीत वाचून दाखवत होते. आईंचा पहिलाच प्रश्न: "ती घोवाक काय म्हणता? अरे काय अहो?" इंग्रजीत सगळं 'यू'. म्हटलं, अरे म्हणत असेल. "नाय गो. ही अरे म्हणणारी नाय."

अर्ध्यावर बाबांनी पेपर खाली ठेवला. शेवटी बायको न वापरलेल्या ताटांकडे बघते आणि म्हणते, तू घरी नसतोस तेव्हाच मी सुखात असते. बाबा शेजारी, आई समोर. माझ्या तोंडून निघालं, "तू घरी नसतोस तेव्हा मला करमत नाही."

बाबा खूष. "बघा. फ्रेंच असली तरी शेवटी बायकोच."

आई सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोटा बोलता ती."

११ जाने., रवि.
नि.ला सांगितलं. हसला. "बाबांसमोर काय बोलणार होतीस? बरं केलंस."

बरं नाही केलं. बाबांचा संकोच वाटला, हे अर्धंच खरं. ती ओळ कानावर पडली की आईंचं जाणं पक्कं होईल, असं मला त्या क्षणी वाटलं. आणि मला ते नको होतं. मग ईरा, बाबांचा अकराचा चहा, बाबांचा चारचा चहा, सगळं

काय लिहायचं ते कळतंय, लिहवत नाहीये.

१५ जाने., गुरु.
बाबा बिल्डिंगभर सिनेमा सांगत सुटलेत. खालचे सावंतकाका मला लिफ्टमध्ये म्हणाले, "तुझ्या त्या फ्रेंच बाईला नवऱ्याशिवाय करमत नाही म्हणे."

जेवताना बाबा आईंना म्हणाले, "तिकडे चार दिवसांत कंटाळशील. सिनेमा बघितलास ना? करमत नाही अशानं." आईंनी आमटी वाढली. "ऱ्हवांदे मगे. नाय जाणंय."

तिकीट मीच रद्द केलं, लगेच, ताटावर बसल्या बसल्या, डाव्या हाताने. आधी हायसं वाटलं. मग नाही. मुलुंडमधल्या या दोन खोल्यांत बसून मी एका बाईला खोटं बोलायला लावलं आणि दुसरीला घरी बसवलं. नि. म्हणतो, ओव्हरथिंकिंग. त्याचं काय जातंय.

२१ जाने., बुध.
क्लबमधल्या लीनाताई फ्रेंच शिकवतात. त्यांना विचारलं, ही नवऱ्याला नक्की काय म्हणते? "मोठ्या घरची आहे ना, आदरार्थीच बोलते. शेवटपर्यंत तुम्ही." म्हणजे आईंचं बरोबर. एक अक्षर कळत नसताना.

सगळा सिनेमा परत केला, 'तू'चं 'तुम्ही'. शेवटच्या ओळीशी अडकले. तुम्ही घरी नसता तेव्हाच मी सुखात असते. मोठ्यानं वाचलं. सरळ आईंचाच आवाज आला, मटार सोलताना येतो तो.

आणि आई शोला येणार आहेत. "मराठीत लिवलेला असतला मां? मग मी वाचीन." बाबाही येणार, सुनेचं काम बघायला. नवा शर्ट काढून ठेवलाय.

२२ जाने., गुरु.
'करमत नाही' टाइप केलं. पुसलं. परत टाइप केलं. लीनाताईंच्या लक्षात आलं असतंच, पण तेवढं निभावून नेता आलं असतं. भावानुवाद वगैरे म्हणून. पुसलं. खरी ओळ घालून फाइल पाठवली. पाठवल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटलं.

१ फेब्रु., रवि.
शो. हॉल भरला. आई दुसऱ्या रांगेत, चष्मा लावून, ओठ हलवत वाचत होत्या. ओळ आली. मागून एक बाई हसली, एवढंसं, मग आणखी दोघीतिघी. आई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला आणि परत लावला. बाबा पडद्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

नंतर चर्चा. एक निवृत्त सर म्हणाले, "वीस वर्षं संसार करून वर हे? कृतघ्न बाई." एक मुलगी म्हणाली, "काका, तो माणूस वाईट नाहीये, हाच तर लोचा आहे ना." कुणी म्हणालं, पाहुणे आले असते तर काहीच झालं नसतं, आयुष्य निघालं असतं. मग भाषांतरासाठी टाळ्या. उभं राहायला लावलं मला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिक्षात तिघं. बाबा मधे.
"त्या दिवशी वेगळं सांगितलं होतंस."
"हो बाबा."
"चुकलीस का?"
हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. "नाही. मुद्दाम."
सिग्नल सुटल्यावर हळू म्हणाले, "माझ्यासाठी?"
"माझ्यासाठी. आई गेल्या तर ईराला..."

आई बाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "माका तवाच कळला होता."
"मग जाणं का रद्द केलंत, आई?"
"मी नको म्हटलंय. तरी तू एकदा विचारशीत असा वाटला माका."

२ फेब्रु., सोम.
घरून काम. झालं नाही.

बाबांनी सकाळी चहा स्वतः केला, कप विसळला, आणि "जरा खाली बसतो" म्हणून गेले. अकरा वाजले, आले नाहीत. खिडकीतून बघितलं. बाकावर एकटेच, मांडीवर पेपर, घडी न मोडलेला. सावंतकाका बोलायला आले तर हातानेच नको म्हणाले. त्या माणसानं आयुष्यात कुणाचं काय वाकडं केलंय. हेही मीच केलं.

आईंनी रेडिओ लावला. बाबा असताना लागत नाही, त्यांना आवाज सहन होत नाही. दोन गाणी ऐकली. मग बंद करून बाल्कनीत जाऊन आल्या. थोड्या वेळाने परत गेल्या. मग मी विचारलं. उशिरा का होईना.

"आई, तिकीट काढू?"

"ते येवंदेत आदी."

एक वाजून गेला. आईंनी बाबांचं ताट वाढून झाकून ठेवलंय, स्वतः जेवल्या नाहीत. ईराला आज मी आणलं, काही आभाळ कोसळलं नाही. फोन हातात घेऊन बसलेय. शनिवारच्या गाडीत जागा आहे. लिफ्ट वर येतेय.