जुना गज आणि राजूची शर्यत

५ जानेवारी १९६७, धुळे
आजपासून माझ्या लेकीचा, राजूचा कोच मीच. तिच्या शाळेतले ड्रिलमास्तर रुपचंद म्हणाले, पोरगी देशासाठी पळेल, कुणीतरी माहीतगार गाठा. कशाला? पांझरेच्या कोरड्या पात्रात मी स्वतः शंभर मीटर आखले. दुकानातला कापड मोजायचा जुना गज नेला होता, तोच शंभर वेळा टाकला. मीटरपट्टी सरकारनं गळ्यात मारली, पण हात गजालाच सरावलाय. दोघांत फरक चार बोटांचा. पळणाऱ्याला तो काय कळणार? दोन्ही टोकांना चुना टाकला. रोज पहाटे पाचला जायचं. म्हणजे जायचंच.

६ जानेवारी
जाग आली नाही. राजू एकटीच जाऊन आली. उद्यापासून नक्की.

१२ फेब्रुवारी
राज्य स्पर्धेत राजू पहिली! बाकीच्या कितीतरी मागे. शेवटी जरा सैल पडली, पण ती जिंकणाऱ्याची ऐट. पुण्याच्या कॅम्पला निवड झाली, तिथून सिलोनच्या स्पर्धेला. घरात मात्र राजूच्या आईचा, सायरबाईंचा एकच धोशा. राजूला सून करू बघणारे चाळीसगावचे सोहनलालजी थांबायला तयार नाहीत, पोरगी सतराची झाली. शेवटी ठरलं. मेडल आणलं तर लग्नाचं नाव काढायचं नाही, नाही आणलं तर अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, सगाई आणि पळणं बंद. राजू माझ्याकडे बघत होती. मी बेधडक हो म्हणालो.

१९ मार्च
पुण्याहून कोचचा ट्रंक कॉल. म्हणे राजू टेपच्या आधीच ढिली पडते, दरवेळी त्याच जागी, सवय मोडत नाही. घरी किती पळायची, असं विचारत होता. शंभर मीटर, मी ठणकावून सांगितलं. जळतो माझ्यावर.

१७ एप्रिल
उद्या कोलंबोला फायनल. पेढे सांगून ठेवले.

२० एप्रिल
पाचवी आली. पेढे गिऱ्हाइकांना वाटून टाकले. ज्यांनी कारण विचारलं त्यांना महावीर जयंतीचे म्हणालो.

२६ एप्रिल
राजू घरी आली. म्हणाली, बाऊजी, मी सगळ्यांच्या पुढे होते. मग पायांना वाटलं, संपलं. टेप अजून पुढेच होती. चौघी शेजारून निघून गेल्या. माझं मत, तिकडची समुद्राची हवा तिला बाधली. तसं मी तिला समजावलंही. ती जेवली नाही. मलाही घास गेला नाही, पण ते उन्हामुळे.

१२ मे, आखाजी
गावभर लेकी माहेरी आल्यात, झोके बांधलेत. आमच्याकडे सगाई झाली. सोहनलालजींनी बजावलं, आता पळणंबिळणं नको. मी मान हलवली.

दुपारी राजूच्या ओढणीचं कापड मोजत होतो. तिनं माझ्या हातातून गज घेतला आणि मीटरपट्टीशेजारी ठेवला. गज संपला त्याच्यापुढे जी पट्टी उरली, तिच्यावर बोटं ठेवली. चार बसली. मग हळूच विचारलं, हे शंभर वेळा म्हणजे किती होतं, बाऊजी?

मी म्हणालो, थांब, गिऱ्हाईक आलंय.

दुकानात कुणी नव्हतं.