नऊ अंशांच्या पाण्यातला ठिपका

१४ जानेवारी
माझ्या हातचं म्हणून दाखवावं असं: लेथवर कातलेले पितळी पेच, बायकोसाठी केलेली देवदारची मांडणी, एक रेडिओ, आणि काल इथे राहायला मिळालेल्या या घराला बसवलेलं सरकतं दार. फटीत केस जाणार नाही. आता पाचवी वस्तू, कॉम्प्युटरचा प्रोग्राम. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. बावन्नाव्या वर्षी प्रोग्राम लिहायची पायथन भाषा पुस्तकं वाचून शिकलो.
त्सुबाकिउराच्या मच्छीमार सोसायटीनं मला बोलावलंय. उपग्रहाच्या ढीगभर फायली वाचायच्या आणि समुद्र कुठे तापतोय ते सांगायचं. कोमट पाण्यात वाकामे शेवाळाची शेती सडते. गाव छान आहे. ओगाता चेअरमननं खेकड्याचं सूप पाजलं.

१७ जानेवारी
पहिल्या नकाशात समुद्र उणे नऊशे नव्व्याण्णव अंश! 'आकडा नाही' याची ती खूण. मी तापमान समजलो. ओगाता म्हणाला, मास्तर, वाकामे राहू द्या, आपण बर्फच विकू. हसून घेतलं. नकाशातले जमिनीचे आणि ढगाखालचे चौकोन कोरे सोडले. आता सगळीकडे नऊ अंश. फक्त खाडीबाहेरचा एक चौकोन छत्तीस पूर्णांक चार.

२० जानेवारी
सोसायटीच्या भिंतीवर नकाशा लावला, तर गावातल्या तोमिएबाई त्या गरम चौकोनाच्या ठिपक्यापुढून हलेनात. ऑक्टोबरात त्यांच्या मुलाची, शिन्पेईची होडी रिकामी परत आली. तो सापडलाच नाही. म्हणाल्या, अहो, ही माणसाच्या अंगाची ऊब आहे. समुद्रात माणूस दिसला की होडीत घ्यायचाच, ही इथली रीत. जो पाठ फिरवतो, त्याच्याच घरी तो बुडालेला येतो, म्हणे. मी समजावलं, एक चौकोन किलोमीटरभराचा, त्यात माणूस कसला दिसतोय? यंत्राची चूक आहे.
दुपारी त्या पाकीट घेऊन घरी आल्या. परत पाठवलं.
मग चार ओळी लिहिल्या: तीस अंशांवरचं काढून टाक, शेजारच्या चौकोनांची सरासरी भर. नकाशा लख्ख. सुरेख ओळी आहेत.

२४ जानेवारी
काय काढलं गेलं ते वेगळं छापून पाहिलं. रोज एकच चौकोन. पण तोच नाही. आज खाडीच्या तोंडाशी.
प्रवाह असेल.

२७ जानेवारी
धक्क्याजवळ. छत्तीस पूर्णांक चारच. प्रवाह वाटेत थंड होतो ना — हा होत नाही.
ओगाताला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, मास्तर, तुम्ही बाईंना नकार का दिलात?

२९ जानेवारी
जमिनीवर. जमिनीवर माझा प्रोग्राम आकडा घेतच नाही. ओळ न् ओळ तपासली. चूक नाही. माझी चूक नाही —
चौकोन माझ्या घराचा.

३० जानेवारी
चार ओळी पुसल्या. ठिपका परत यावा म्हणून. समुद्र नुसता नऊ, नऊ, नऊ. तिथे आता कुणीच —
उंबऱ्याशी पाणी. खारं.

३१ जानेवारी
भर सकाळ. दार फुगलंय, सरकत नाही. केस जाणार नाही अशा फटीतून पाणी येतंय. हात लावला — कोमट.
पलीकडे कुणीतरी टेकलंय.
त्या दुपारी बाई म्हणाल्या होत्या, ठिपका राहू द्या, होडी मी पाठवते, तुम्ही फक्त जागा दाखवा. पाकिटात शिन्पेईच्या अंत्यविधीला जपलेले पैसे होते. मी म्हणालो, माझ्या कामात चूक ठेवत नसतो. तीन लाख येन. तीन लाख, फक्त चार ओळी न लिहिण्या—