तैयब गमीट यांच्या तीन वह्या आणि एल्मर्सडेल मैदान

मी, वासिला रिदवान गमीट, वय एकोणतीस, शाळेत इतिहास शिकवते, राहणार केप टाउन, केप फ्लॅट्स या शहराबाहेरच्या वाळूच्या सपाटीवरील सरकारी वसाहत. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे आणि तिचे ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे. त्यातून उठले नाही तर पुढीलप्रमाणे व्हावे. उठले तर हा कागद मी स्वतः अमलात आणीन.

कलम १. शरियतीप्रमाणे मला मिळकतीचा फक्त तिसरा हिस्सा मर्जीने देता येतो, आणि तोही वारसांना नाही. बाकी सगळे आईवडिलांचे. पदवीचा झगा भाड्याचा होता, तो परत केला आहे. आईने कपाटात शोधू नये.

कलम २. आजोबा तैयब गमीट यांच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत. त्यांनी त्या माझ्या हाती दिल्या, माझ्या वडिलांच्या नाही. एल्मर्सडेलच्या खेळपट्टीची माती कशी बनवायची ते त्यांत लिहिले आहे. हिवाळ्यात त्या मैदानावर रग्बी होते. सोळा धटिंगण एकमेकांत डोकी खुपसून रेटतात, ते नेमके खेळपट्टीवर. ऑक्टोबरात तिथे नांगरलेले शेत उरते आणि नोव्हेंबरात क्रिकेट हवे असते. ती मोडलेली जमीन सहा आठवड्यांत काचेसारखी करायचे काम आजोबांनी एकतीस वर्षे केले. वारुळाची माती किती, नदीकाठची किती, पाणी कधी तोडायचे, रूळ कोणत्या तासाला फिरवायचा, हे सगळे त्यांनी शोधले.

ते राहत प्लम लेनमध्ये, मैदानाच्या दक्षिणेच्या भिंतीलगत. १९६९ साली वर्णभेदाच्या कायद्याने ती गल्ली गोऱ्यांसाठी ठरवली गेली आणि आमची माणसे लॉरीत भरून फ्लॅट्सच्या वाळूवर आणून टाकली. घरे पाडून तिथे मोटारी लावायची जागा झाली. आजोबा दोन बस बदलून त्याच मैदानावर कामाला जात राहिले. सामना बघायचा तर रेल्वेकडच्या तारेमागे, आमच्या लोकांसाठी राखलेल्या उघड्या कोपऱ्यात उभे राहून. तिथून आमचे लोक नेहमी पाहुण्या संघाच्या नावाने ओरडत. आजोबा म्हणत, "पट्टी माझी, पण ओरडायचं त्यांच्या पाहुण्यांसाठी. दोन्ही कामं मन लावून केली मी."

मैदानाचा शतकमहोत्सवी ग्रंथ मी प्रबंधासाठी तीनदा वाचला. त्यात पेंबर्टन नावाच्या गोऱ्या मुकादमाचे आख्खे प्रकरण आहे, 'जादुई हातांचा माणूस' म्हणून. छायाचित्रात ते रुळाला टेकून उभे आहेत. रुळाच्या दांड्यावर आणखी एक हात दिसतो, मनगटापर्यंत. बाकीचा माणूस कापला आहे. त्या मनगटावरचा भाजल्याचा डाग मी ओळखते.

कलम ३. वह्यांची किंमत. २०११ मध्ये मी त्या घेऊन मैदानाच्या समितीकडे गेले होते. फक्त ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत नाव घाला, एवढेच मागितले. चिटणीस मिस्टर हॅलोरन यांनी लेखी कळवले, "सदर वह्यांना कोणतेही मूल्य नाही." त्यानंतर समितीने परदेशी माती आणली. तिला दोन उन्हाळ्यांत भेगा पडल्या, मोठे सामने दुसऱ्या शहरांत गेले, आणि आता हेच हॅलोरन माझ्या वडिलांना चहाला बोलावतात.

वह्यांची ही वसियत, म्हणजे मृत्यूनंतरचे देणे, तिसऱ्या हिश्शात बसते का, हे विचारायला मी इमामसाहेबांकडे गेले.

"वह्या केवढ्याच्या आहेत, पोरी?"

मी हॅलोरनचे पत्र पुढे केले. ते वाचून इमामसाहेब चष्मा काढून हसत सुटले. "मग तू काहीच देत नाहीयेस की! दे खुशाल, कुणाला द्यायच्या त्यांना दे."

ते पत्र मूल्यांकनाचा पुरावा म्हणून सोबत जोडले आहे.

कलम ४. तिन्ही वह्या प्लम लेन क्लबला द्याव्यात. आमच्या हाकललेल्या गल्लीने वाळूत काढलेला हा क्लब आहे. तिथे मुले आजही सिमेंटच्या पट्टीवर खेळतात. आधी त्यांची पट्टी व्हावी. मग मातीची सगळी कृती क्लबच्या बाहेरच्या भिंतीवर आजोबांच्या नावाखाली रंगवावी. विद्या कुलूपबंद ठेवू नये असे मी वर्गात शिकवते, ते इथेही पाळते. ज्याला हवी त्याने घ्यावी. मात्र एल्मर्सडेलला ती टपालाने, फोनवर किंवा फोटो काढून कोणी पाठवू नये. त्यांनी फ्लॅट्सवर यावे, वाळूत उभे राहावे आणि हाताने उतरवून घ्यावी. खुर्ची देऊ नये.

कलम ५. वडिलांविषयी. समितीने त्यांना वह्यांच्या बदल्यात मैदानात सामने बघायला छपराखालची कायमची जागा कबूल केली आहे. ऑपरेशनआधी एकमेकांची माफी मागायची आमच्यात रीत आहे, म्हणून ते काल आले.

"माफ कर, वासिला."

"आधी वह्या देणार नाही म्हणा, डॅडी."

"तू कॉलेजात जाऊन फार कडू झालीस बघ. ते जुने साहेब मेले गं सगळे. आता कुणीही कुठंही बसतं तिथं."

"मग जागा विकत का नाही घेत तुम्ही?"

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाले, "विकत नकोय. त्यांनी हाताला धरून बसवायला हवंय मला. माझ्या म्हाताऱ्याला कधी बसवलं नाही."

मला रडू आले, पण कलम बदललेले नाही. त्यांना मी माफ केले. त्यांनीही मला केले, दार आपटून.

कलम ६. शेजारीण मोची गावा हिने माझी उधार नेलेली पुस्तके भिजवली, तिला माफ. वर्गात माझ्या चालीची नक्कल करणाऱ्या सातवीच्या मुलांना माफ. माझा श्वास लागतो हे कळल्यावर लग्न मोडणाऱ्या इलियासलाही माफ. त्याला मी आता ओळखतही नाही.

एल्मर्सडेलच्या समितीला आणि मिस्टर हॅलोरन यांना माफ नाही. ते मागायला आले नाहीत, त्यामुळे तोंडावर नाही म्हणायची संधी मला मिळाली नाही. मयतीच्या नमाजानंतर इमामसाहेब सर्वांना विचारतील की हिने कोणाचे मन दुखावले असेल तर माफ कराल ना. तेव्हा समितीचा कोणी हार घेऊन आला असेल तर त्याला बाजूला घेऊन सांगावे की तिने तुम्हाला माफ केलेले नाही, आणि हे सहीनिशी आहे.

सही: वासिला रिदवान गमीट

आम्हा दोघांसमोर सही झाली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.
१. रुगाया सालई, परिचारिका
२. गसांत तोफर, बसचालक

केप टाउन, ११ ऑगस्ट २०१७