पाऊण मोठं का पाचातले चार

मस्तगड, जालना, सन १३४८ फसली

साडूभाऊ रखमाजीराव यांस धर्मराजचा मस्तगडाहून रामराम. तुमची कंबर आता वाकू देते का, साळूबाईंचा खोकला बसला का, ते सवडीनं कळवावं. आमच्याकडं सगळे धडधाकट हायत. फक्त मी मंठ्याहून आल्यापासून बसल्या जागी दचकून राह्यलो.

त्याचं असं झालं, की आपल्या मच्छिंद्रासाठी आम्ही मंठ्याच्या कारभारी पाटलाची पोरगी बघायला गेल्तो. (मोटारीनं गेल्तो. वाटेत दोनदा उतरून ढकलावी लागली, पण ते दुःख आता लहान वाटून राह्यलं.) पोरगी द्वारका, चौथी शिकलेली, रंगरूप चांगलं. फराळ झाला, नाव-गाव विचारून झालं, शेवया येतात हेही कळलं. तिथंच उठायला पाहिजे व्हतं. पण शिकलेली म्हणतात तर बघू, म्हणून मी सवाल टाकला, की पाऊण मोठं का पाचातले चार? माझा हिशोब सरळ व्हता. दोन्हीकडं एकच वाटा कमी, म्हणजे दोन्ही बराबर. पोरगी गडबडेल, मंग आपण मोठेपणानं समजावून सांगू.

पोरगी खाली मान घालूनच म्हणाली, "पाचातले चार."

मी म्हणालो, "चुकलीस बाई. दोन्ही बराबर."

आता सून होऊ घातलेल्या पोरीनं इथं गप बसावं का न्हाई, तुम्हीच सांगा. ही उठली, आत गेली, दोन सारख्या भाकरी घेऊन आली. एकीचे चार वाटे केले, दुसरीचे पाच. दोन्हींतला एकेक तुकडा उचलून भरल्या बैठकीत माझ्या तळहातावर ठेवला.

"काका, यातला मोठा कोणता?"

"चौथाईचा," मी म्हणालो. (दिसतच व्हता, न्हाई कसं म्हणू?)

"मंग जिथनं मोठा तुकडा गेला, तिथंच कमी उरलं ना?"

आतल्या दाराआडून एक बाई हसली, ती आमची चतुराबाई. माझे कान तापले. ही सोयरीक बिलकुल होणार न्हाई असं सांगून मी उठलो, ते थेट मोटारीत येऊन बसलो. तिथं पाहतो तर ते दोन्ही तुकडे मुठीत तसेच. रागात दोन्ही खाऊन टाकले. (भाकरी मऊ व्हती, खोटं कशाला बोलू.) तर या घरात त्या पोरीचं नाव कुणी काढायचं न्हाई, हे तुम्हीही ध्यानात ठेवावं.

आपला,
धर्मराज

ता.क. मच्छिंद्रानं जेवण सोडलंय. करीन तर हीच बायको, म्हणतो. चतुराबाईनं त्याची बाजू घेतलीय, त्यामुळं मलाही गरम असं काही मिळून न्हाई राह्यलं. म्हणून परवा मुकाट्यानं मंठ्याला माणूस धाडून, झालं गेलं विसरा, असं कळवलं.

आणखी ता.क. पाटलांचा राग न्हाई. पण पोरीची एक अट आलीय, नवऱ्या मुलानं एका सवालाचा जबाब धाडावा. सहातले पाच मोठे का सातातले सहा? मच्छिंद्राला विचारलं तर तो म्हणाला, दोन्ही बराबर. (पोरगं माझंच हाय, शंका न्हाई.) भाकरी कापून पाहिली, ती वाकडी कापली गेली. तुम्ही अंबडच्या कचेरीत बसता, तर जबाब जल्दी उलट टपाली कळवावा, साळूबाईंच्या नकळत. माझ्या मतानं दोन्ही बराबरच हायत, पण या खेपेला मी तसं बोललो न्हाई.